‘ओळख’ या शब्दाचे ओझे : बिनतारी जाळ्यांतील प्रमाणनाच्या परिभाषेची एक समीक्षा

खिशातील मोबाईल रस्त्यावरच्या मनोऱ्याचा आधार सोडून एखाद्या ग्रंथालयाच्या वाय-फाय जाळ्यात प्रवेश करतो, तेव्हा त्याच्या मालकाच्या कानावर न पडणारे एक संभाषण घडून येते. जाळे विचारते, ‘तू कोण?’ उपकरण काही उत्तर देते. ते उत्तर दूरच्या एका संगणकाकडे धाडले जाते. तेथून एक कूटप्रश्न येतो, त्याचा जबाब जातो, आणि क्षणार्धात दार उघडते. या संभाषणाचे नियम ज्या दस्तऐवजांत नमूद झालेले आहेत त्यांत सूत्रे थोडी आणि गद्य फार, असा प्रकार आहे. हे गद्य इंग्रजी असून ते अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी लिहिले आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकाचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः ते जावयास हवे. कारण या गद्यात ‘आयडेंटिटी’ या एकाच शब्दावर निदान तीन निरनिराळी कामे लादण्यात आली आहेत. चौकशी कोणाकडे पाठवावयाची ते सांगणे हे पहिले काम. खाते कोणते ते सांगणे हे दुसरे. आणि जे सिद्ध करावयाचे आहे त्याचा दावा करणे हे तिसरे. या सरमिसळीची किंमत केवळ व्याकरणाच्या खात्यावर पडलेली नाही. लक्षावधी ग्राहकांचा कायमचा क्रमांक जवळपास उभ्या असलेल्या कोणाही तिऱ्हाइताला वाचता यावा, अशी स्थिती तिच्यामुळे दीर्घकाळ टिकून राहिली.

मराठीत ही अडचण दुप्पट होण्याचा संभव आहे. ‘आयडेंटिटी’साठी ‘ओळख’ हा शब्द परिभाषाकारांना हाताशी सापडतो आणि तो सर्रास योजला जातो. परंतु मराठीत ‘ओळख’ हे नाम एकटे फारसे अर्थवाहक नाही. अर्थ ठरतो तो क्रियापदाने. माणूस ओळख सांगतो, ओळख देतो, ओळख दाखवतो किंवा दाखवत नाही, ओळख ठेवतो; आणि या सर्वांहून वेगळी गोष्ट म्हणजे ओळख पटते. ओळख सांगणारा कर्ता एक, ती पटवून घेणारा दुसरा. ‘त्याने ओळख सांगितली, पण ती पटली नाही’ हे वाक्य मराठी माणसाला क्षणभरही बुचकळ्यात टाकत नाही. संदेशांना नावे देताना मात्र क्रियापद गळून पडते आणि नुसते नाम शिल्लक राहते. इंग्रजी दस्तऐवजांत नेमके हेच झालेले आहे.

कालिदासाने आपल्या नाटकाच्या नावात ‘अभिज्ञान’ हा शब्द घातला तो उगाच नव्हे. शकुंतला राजसभेत आपण कोण ते सांगते. सांगण्यात ती कोठेही कमी पडत नाही. अंगठी हरवलेली असते, म्हणून तिचे सांगणे पटत नाही, इतकेच. नाव सांगणे आणि खूण पटणे या दोन घटना भिन्न आहेत हे त्या प्रसंगाचे सारे दुःख आहे.

जाळ्यांच्या संदर्भात ही भिन्नता कशी नष्ट झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दोन निरनिराळ्या परंपरा येथे एकत्र आल्या आहेत. पहिली टेलिफोनवाल्यांची. १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीत प्रत्येक ग्राहकाच्या सिम कार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि तिची दुसरी प्रत त्याच्या मूळ कंपनीपाशी असते. ग्राहक परक्या प्रदेशात गेला म्हणजे तेथील यजमान जाळे मूळ कंपनीकडे विचारणा करते. कंपनी एक यदृच्छ संख्या आणि तिचे अपेक्षित उत्तर यजमानाला कळवते. यजमान ती संख्या मोबाईलला विचारतो आणि आलेले उत्तर ताडून पाहतो. किल्ली स्वतः कधीच प्रवास करीत नाही. या रचनेत एक मोठा दोष होता : जाळे ग्राहकाची परीक्षा घेते, परंतु ग्राहकाला जाळ्याची परीक्षा घेण्याची सोय नाही. तिसऱ्या पिढीच्या पद्धतीत हा दोष दूर करण्यात आला आणि जाळ्यानेही आपले प्रमाण द्यावे असे ठरले. ग्राहकाला जो क्रमांक दिलेला असतो त्याचे नाव ‘इंटरनॅशनल मोबाईल सबस्क्रायबर आयडेंटिटी’, म्हणजेच आयएमएसआय. तो अधिकांत अधिक १५ अंकांचा असतो. पहिले ३ अंक देशाचे (भारतासाठी ४०४ व ४०५ हे वापरात आहेत), नंतरचे २ किंवा ३ कंपनीचे, आणि उरलेले ग्राहकाचे.

दुसरी परंपरा संगणकवाल्यांची. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने इंटरनेट गाठण्याच्या दिवसांत प्रवासी माणूस दुसऱ्याच कंपनीच्या मोडेमला दूरध्वनी करी, आणि आपले नाव ‘अमुक ॲट अमुक संस्था’ अशा रूपात देई. जानेवारी १९९९ मधील आरएफसी २४८६ या दस्तऐवजाने या रूपाला ‘नेटवर्क ॲक्सेस आयडेंटिफायर’ असे नाव दिले. ‘ॲट’च्या चिन्हापुढील भागाला तेथे ‘रेल्म’ म्हटले आहे. चौकशी कोणाच्या दाराशी न्यावयाची ते हा भाग सांगतो. चिन्हामागील भागाचा अर्थ केवळ त्या दाराआडच्या माणसाला कळला म्हणजे पुरे.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. हुंडीचा व्यवहार याच तत्त्वावर चालत असे. परगावच्या पेढीला हुंडी आणणारा माणूस माहीत नसे. तिला माहीत असे ती हुंडी लिहिणारी पेढी. आणि आमच्या सावकारांची परिभाषा या बाबतीत आजच्या अभियंत्यांहून काकणभर सरस होती, असे म्हणावे लागते. नावात लिहिलेल्या इसमासच पैसे द्यावयाचे तर हुंडी ‘नामजोग’. पतदार सावकारामार्फतच द्यावयाचे तर ‘शाहजोग’. खात्री कशाची करावयाची, व्यक्तीची की मध्यस्थाच्या पतीची, हे हुंडीच्या नावातच सांगितलेले असे.

या दोन परंपरांची गाठ घालणारा करार म्हणजे ‘एक्स्टेन्सिबल ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल’, संक्षेपाने ईएपी. त्याचा पहिला दस्तऐवज १९९८ सालचा; आज ज्याचा आधार घेतला जातो तो आरएफसी ३७४८ जून २००४ चा. ईएपीचे वैशिष्ट्य असे की ते स्वतः कोणतीही परीक्षा घेत नाही. परीक्षा घेण्याच्या अनेक पद्धतींना वाहून नेणारे ते एक पाकीट आहे. वाय-फाय असो, तारेचे जाळे असो, पाकीट तेच राहते. म्हणूनच भिन्न प्रकारच्या जाळ्यांत संचार करणाऱ्याच्या प्रमाणनासाठी सर्वांनी त्याचा आश्रय केला.

या पाकिटात घालावयाच्या मजकुराचे प्रकार क्रमांकाने ठरवलेले आहेत, आणि त्यांतील प्रकार १ चे नाव आहे ‘आयडेंटिटी’. दस्तऐवजाचा या प्रकारावरील परिच्छेद लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. या उत्तराचा उपयोग मुख्यतः मार्ग ठरवण्यासाठी आणि परीक्षेची पद्धत निवडण्यासाठी करावा, आणि खरी ओळख मिळवण्याची सोय प्रत्येक पद्धतीने स्वतंत्रपणे करावी, अशी शिफारस तेथे केलेली आहे. म्हणजे ज्याला ‘ओळख’ असे नाव दिले ती ओळख म्हणून गृहीत धरू नका, असे तोच ग्रंथ सांगतो! एखाद्या कोशकाराने शब्दाखाली अर्थ द्यावा आणि लगेच ‘हा अर्थ घेऊ नये’ अशी टीप जोडावी, तसा हा प्रकार झाला. लेखकांना भेद कळलेला होता यात शंका नाही. परंतु भेद कळूनही त्यांनी नाव बदलले नाही. १९९८ पासून चालत आलेले नाव चालू ठेवले. टीप वाचतो तो अभ्यासक. नाव मात्र सगळेच वाचतात.

याचा परिणाम जानेवारी २००६ मध्ये दिसून आला. त्या महिन्यात आरएफसी ४१८६ आणि ४१८७ असे दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. पहिल्याने जीएसएमचे सिम आणि दुसऱ्याने तिसऱ्या पिढीचे कार्ड ईएपीच्या पाकिटात बसवले, आणि त्यामुळे मोबाईलच्या कार्डाच्या बळावर वाय-फायमध्ये प्रवेश करणे शक्य झाले. तांत्रिक दृष्टीने हे काम कौतुकास्पद आहे. उदाहरणार्थ, जीएसएममधील एकतर्फी परीक्षा येथे दोन किंवा तीन यदृच्छ संख्यांच्या उत्तरांतून निघालेल्या किल्लीच्या साह्याने दुतर्फी करून घेतलेली आहे. परंतु ‘आयडेंटिटी’ या प्रश्नाला मोबाईलने काय उत्तर द्यावयाचे? टेलिफोनवाल्यांच्या परंपरेत ‘आयडेंटिटी’ म्हणजे आयएमएसआय. तो शब्द त्याच्या नावातच आहे. तेव्हा उत्तर असे ठरले : आरंभी १ हा अंक (तिसऱ्या पिढीच्या कार्डासाठी ०), त्यापुढे संपूर्ण आयएमएसआय, मग ‘ॲट’चे चिन्ह आणि कंपनीच्या व देशाच्या अंकांनी बनलेला रेल्म. मार्ग दाखवण्यासाठी जेवढे पुरेसे होते ते चिन्हाच्या उजव्या बाजूला आहेच. डाव्या बाजूचे १५ अंक त्या क्षणी कोणालाही आवश्यक नव्हते. प्रश्नाचे नाव ‘ओळख’ असल्यामुळे पूर्ण ओळख उत्तरात गेली, आणि ती कूटबद्ध न होता, उघडी गेली. कारण या टप्प्यावर उभयपक्षी किल्लीच तयार झालेली नसते. शिफारशीप्रमाणे पद्धतीच्या आतही ओळख विचारण्याची स्वतंत्र सोय केलेली आहे, पण ती देखील तितकीच उघडी! औषध दिले, ते रोगाच्याच बाटलीतून.

लेखकांना धोका दिसला नव्हता असे नाही. त्यांनी त्यावर ‘स्यूडोनिम’चा उपाय योजला. पहिले प्रमाणन यशस्वी झाले म्हणजे मूळ कंपनी ग्राहकाला कूटबद्ध संदेशातून एक तात्पुरते नाव देते; पुढच्या वेळी मोबाईलने आयएमएसआयऐवजी ते सांगावयाचे. अशा नावाच्या आरंभी ३ किंवा २ हा अंक येतो. अंकरूप उपसर्गावरून नावाची जात ओळखण्याची ही योजना नीटनेटकी आहे. ‘स्यूडोनिम’ला मराठीत ‘टोपणनाव’ म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. ‘कुसुमाग्रज’ हे टोपणनाव वि. वा. शिरवाडकर या नावाहून अधिक ओळखीचे आहे. ओळखले जाण्यासाठीच ते धारण केलेले असते. येथील नाव क्षणिक, अर्थशून्य आणि ओळखले जाऊ नये म्हणूनच दिलेले असते. त्यास ‘क्षणिक अभिधान’ म्हणणे बरे.

या उपायाला दोन छिद्रे राहिली. पहिल्या भेटीत क्षणिक अभिधान नसतेच, म्हणून आयएमएसआय सांगावा लागतो. दुसरे छिद्र अधिक गंभीर आहे. समोरच्या सर्व्हरने ‘मला तुझे कायमचे नाव पाहिजे’ असे म्हटले तर मोबाईलने काय करावे? क्षणिक अभिधानांची वही कंपनीकडून गहाळ होऊ शकते, म्हणून तशी मागणी करण्याची मुभा ठेवलेली आहे. पण मागणी करणारा खरा की खोटा हे त्या क्षणी कळण्यास मार्ग नाही. येथे दस्तऐवजाने दोन स्वभावांचे वर्णन केले आहे : मागितले की नाव देणारा तो ‘लिबरल’, आणि एकदा क्षणिक अभिधान मिळाल्यावर कायमचे नाव देण्यास नकार देणारा तो ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’. राजकारणातून उचललेले हे दोन शब्द वाचकाची नकळत दिशाभूल करतात. ‘लिबरल’ म्हटल्यावर मनाचे औदार्य डोळ्यांसमोर येते. पण हे औदार्य दुसऱ्याच्या जिवावर केलेले आहे. उपकरण उदार होते आणि गुपित ग्राहकाचे जाते. ‘भोळे’ आणि ‘सावध’ असे शब्द योजले असते तर कारखान्यातील तंत्रज्ञाने भोळे उपकरण इतक्या सहजासहजी बाजारात पाठवले असते काय, हा प्रश्न उरतो.

हा केवळ तर्क नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडन येथे ‘ब्लॅक हॅट युरोप’ या परिषदेत पिअर्स ओ’हॅनलन आणि रविशंकर बोरगावकर या ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी हे छिद्र प्रात्यक्षिकासह मांडले. कंपनीच्या वाय-फाय जाळ्याचे नाव धारण करणारे एक तोतये केंद्र उभारावयाचे. मोबाईल ते नाव ओळखून आपण होऊन जोडला जाण्याचा प्रयत्न करतो, केंद्र ‘आयडेंटिटी’ विचारते, आणि मालकाने खिशात हातही न घालता आयएमएसआय हाती येतो. त्या क्रमांकाने पैसे चोरता येत नाहीत किंवा संभाषण ऐकता येत नाही, हे खरे. पण एक विशिष्ट माणूस आज कोठे होता आणि उद्या कोठे आला हे त्यावरून कळू शकते, आणि जो क्रमांक बदलता येत नाही त्याच्या बाबतीत हे कळणे कायमचे असते. या संशोधनानंतर ॲपल कंपनीने आपल्या आयओएस १० या प्रणालीत ‘सावध’ वर्तनाची सोय केली. म्हणजे दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका विकल्पाची अंमलबजावणी तेव्हा होऊ लागली.

दोष दाखवताना गुणाचाही निर्देश केला पाहिजे. मे २००९ मधील आरएफसी ५४४८ (त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे ऑक्टोबर २०२१ मधील आरएफसी ९०४८) हा दस्तऐवज या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक झालेला आहे. त्यापूर्वीच्या पद्धतीत मोबाईल आणि मूळ कंपनी यांच्यात जी किल्ली सिद्ध होई, तिच्यात ती कोणत्या जाळ्यासाठी सिद्ध झाली याचा मागमूस नसे. वाय-फायसाठी काढलेली किल्ली दुसरीकडेही किल्लीच. एका ठिकाणी ती फुटली की सर्वत्र धोका. शिवाय मधले केंद्र मोबाईलला एक नाव आणि कंपनीला दुसरे नाव सांगू शके. आरएफसी ५४४८ ने किल्ली काढण्याच्या क्रियेतच जाळ्याचे नाव मिसळले. आता नाव भिन्न असेल तर किल्लीच भिन्न निघते आणि खोटे आपोआप उघडकीस येते. पाणिनीय परिभाषेत बोलावयाचे तर जुन्या वाक्यात कर्ता होता, करण होते, परंतु अधिकरण अध्याहृत होते. ‘अमुकाने अमुक रहस्याने आपणांस सिद्ध केले’ एवढेच ते वाक्य. ‘कोठे’ हा प्रश्न प्रत्येक पक्षाने आपापल्या समजुतीने सोडवावयाचा. नव्या वाक्यात अधिकरण उच्चारले गेले. अध्याहृत पदावर विसंबणारी भाषा दोन मित्रांत चालते, शत्रूच्या देखत चालत नाही. नाव कशाचे आणि कोणत्या कामासाठी हे या दस्तऐवजात प्रथमच निःसंदिग्ध झाले.

विद्यापीठांच्या जगात याच काळात एक निराळा प्रयोग सिद्ध झाला. नेदरलंड्समधील सरफनेट या संस्थेत २००२ साली सुचलेली आणि पुढल्या वर्षी युरोपात आकारास आलेली ‘एड्युरोम’ ही व्यवस्था आज भारतातही अर्नेटच्या मार्फत चालते. येथे जाळ्याचा प्रकार बदलत नाही, संस्था बदलते. तरीही तुलना उद्बोधक आहे. एड्युरोममध्ये नाव दोनदा सांगता येते. पाकिटावर फक्त रेल्म, किंवा त्यामागे ‘ॲनॉनिमस’ हा शब्द. आणि आतल्या कूटबद्ध नळीत खरे खातेनाम व पासवर्ड. यजमान विद्यापीठाला पाहुणा कोणत्या संस्थेचा एवढेच कळते, आणि त्याला तेवढेच पुरते. मार्ग आणि ओळख यांची फारकत येथे शब्दांत नसली तरी व्यवहारात झाली. (‘ॲनॉनिमस’ला ‘निनावी’ म्हणावे की ‘अनाम’? ‘निनावी’ला मराठीत निनावी पत्राची दुर्गंधी चिकटलेली आहे, ‘अनाम’ बरा.) एड्युरोमचा दुबळेपणा दुसऱ्या टोकाला आहे. नळीच्या पलीकडे खरोखर आपलेच विद्यापीठ आहे की नाही याची खात्री सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरून करावयाची असते, आणि उपकरणाची मांडणी नीट केलेली नसेल तर ते काम एका खिडकीद्वारे विद्यार्थ्यावर सोपवले जाते. ‘या प्रमाणपत्रावर विश्वास आहे काय?’ असे खिडकी विचारते. विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा हे ती सांगत नाही. ज्याच्याजवळ पडताळण्याचे साधन नाही त्याला विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसून जबाबदारी झटकण्याचा एक विधी आहे.

आयएमएसआय केवळ अंकांचा असल्यामुळे लिपीच्या भानगडीतून सुटतो. खातेनाम अक्षरांचे असते, आणि अक्षरे आली की भाषाशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाकडे मराठीच्या अभ्यासकांनी अद्याप वळून पाहिलेले दिसत नाही. २००५ च्या आरएफसी ४२८२ मध्ये रेल्म रोमन अक्षरांच्या मर्यादेतच असला पाहिजे असे बंधन होते. मे २०१५ च्या आरएफसी ७५४२ ने ते काढून टाकले आणि संपूर्ण नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसह कोणत्याही लिपीत, लिहिण्याची मोकळीक दिली. एकाच अक्षराचे अनेक संकेत संभवतात म्हणून नाव आधी एका प्रमाणरूपात आणावे, आणि हे काम टोकाच्या उपकरणाने करावे, मधल्या सर्व्हरांनी करू नये, असेही तेथे म्हटले आहे. हा निर्णय योग्य आहे. लिहिणाऱ्याची भाषा काय हे त्याच्या उपकरणालाच ठाऊक असू शकते. मधल्या मध्यस्थाने दुसऱ्याच्या शुद्धलेखनात हात घालू नये.

तथापि मराठीची अडचण या प्रमाणरूपाने सुटत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मराठीत भिन्न आहेत. पहिला समुद्र, दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. दुसऱ्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे ०९३१ या संकेताचा ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसरी म्हणजे ०९३० चा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागून शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही रूपे एकच दिसतात. कोणता कळफलक कोणते रूप देईल हे तो बनवणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. एनएफसी या प्रमाणरूपाने ही दोन एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती समतुल्य नाहीतच. खातेनामांसाठी केलेल्या पुढील नियमांतही हलन्तानंतरचा जोडक ग्राह्य धरला आहे, म्हणून दोन्ही रूपे वैध आणि दोन्ही परस्परांहून भिन्न. ‘ॲ’ची गोष्ट अशीच. त्याला २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ०९७२ हा स्वतंत्र संकेत मिळाला. ‘अ’वर चंद्र देऊन केलेले जुने जोडरूप वापरू नये असे मानक सांगते, पण त्या दोहोंनाही एकरूप करीत नाही.

तेव्हा ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव देवनागरी खातेनाम म्हणून नोंदवणारा मनुष्य आपल्या संगणकावरून प्रवेश मिळवील आणि मोबाईलवरून दारातच अडेल, आणि दोन्हीकडे त्याने अक्षरशः तेच लिहिलेले असेल. पासवर्डमध्ये असे अक्षर असेल तर पडद्यावर ठिपक्यांखेरीज काहीच दिसणार नाही. रोमन लिपीत आडनावाची दोन स्पेलिंगे होतात हे खरे, परंतु ती डोळ्यांना दोन दिसतात. चूक शोधता येते. येथे चूक नाही आणि दोषही दिसत नाही. देवनागरी खातेनामे कोणी वापरतच नाही, असा आक्षेप येईल. तो वस्तुस्थितीला धरून आहे. पण ज्या रस्त्यावर खड्डा आहे तेथून गाड्या जात नाहीत, यावरून तो रस्ता अनावश्यक ठरत नाही. इंग्रजी ‘आयडेंटिटी’चा एक जुना अर्थ ‘तादात्म्य’ असा आहे. दोन गोष्टी एकच आहेत हे सांगण्यासाठी योजलेला शब्द अखेर यंत्राच्या तादात्म्यावर, बाइटांच्या तंतोतंत जुळण्यावर, येऊन थांबतो. वाचणाऱ्याच्या तादात्म्याशी त्याचे जुळतेच असे नाही.

२०१८ मध्ये पाचव्या पिढीचे मानक, टीएस ३३.५०१, सिद्ध झाले. मोबाईलचे जाळे आणि वाय-फायसारखी इतर जाळी या सर्वांसाठी प्रमाणनाची एकच चौकट असावी असा त्याचा आग्रह आहे, आणि आरएफसी ५४४८ ची पद्धत त्यात मानाने स्वीकारलेली आहे. परिभाषेच्या दृष्टीने त्यात घडलेला बदल मात्र फारसा कोणी टिपलेला नाही. जुन्या क्रमांकाचे नाव ‘सबस्क्रायबर आयडेंटिटी’. नव्याचे नाव ‘सबस्क्रिप्शन पर्मनंट आयडेंटिफायर’, संक्षेपाने एसयूपीआय. दोन्ही नामे बदलली. ग्राहकाच्या जागी वर्गणी आली, आणि ओळखीच्या जागी ओळखचिन्ह आले. कार्डाने जे सिद्ध होते ते माणसाचे अस्तित्व नव्हे. एका कराराचे अस्तित्व तेवढे सिद्ध होते, ही कबुली या दोन शब्दांत आहे. शाकुंतलातील धीवरापाशी राजाची अंगठी सापडते तेव्हा शिपाई त्याला शकुंतला समजत नाहीत, चोर समजतात. अंगठी कोणाची आणि कोणाच्या हातात हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी वेगळे आहेत. आयएमएसआयच्या काळात हा भेद करणारा शब्दच परिभाषेत नव्हता.

शब्दाबरोबर व्यवहारही सुधारला. एसयूपीआय आता उघडा जात नाही. मूळ कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने ग्राहकाचे अंक कूटबद्ध केले जातात आणि देशाचे व कंपनीचे अंक तेवढे उघडे राहतात, कारण मार्गासाठी त्यांचीच गरज असते. पाकिटावर पत्ता आणि आत नाव, हा पोस्टातील मुलालाही ठाऊक असलेला नियम टेलिफोनवाल्यांना मानण्यास इतका काळ लागला. या कूटबद्ध रूपाला ‘सबस्क्रिप्शन कन्सील्ड आयडेंटिफायर’, एसयूसीआय, असे नाव आहे.

आणि येथेच परिभाषा पुन्हा घसरते. कंपनीने आपली सार्वजनिक किल्ली कार्डात घातलेली नसेल, किंवा कंपनीनेच तसे ठरवले असेल, तर ‘नल-स्कीम’ नावाची एक योजना वापरावयाची असते. तिच्यात काहीही कूटबद्ध होत नाही. अंक जसेच्या तसे जातात. तरीही त्या संदेशाला ‘कन्सील्ड’ असेच म्हणावयाचे! ज्यात लपवलेले काही नाही त्याला ‘लपवलेले’ म्हणणारी ही संज्ञा २००४ च्या ‘ओळख नसलेल्या ओळखी’ची सख्खी बहीण आहे. कंपनीच्या अहवालात ‘एसयूसीआय वापरात आहे’ असे वाक्य आले तर ते खरे असेल, आणि त्यावरून ग्राहकाचा क्रमांक सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणारा वाचक फसलेला असेल. त्याच वर्षी डेव्हिड बेसिन आणि सहकाऱ्यांनी या मानकातील प्रमाणनाची टॅमरिन या साधनाने तार्किक तपासणी केली. काही महत्त्वाची उद्दिष्टे मानकात न लिहिलेली गृहीतके धरल्यावाचून सिद्ध होत नाहीत, असे त्यांना आढळले. तर्कशास्त्रज्ञाला जे न लिहिलेले गृहीतक, तेच वैयाकरणाचे अध्याहृत पद होय.

मराठीत या विषयाची परिभाषा अजून घडावयाची आहे, आणि उशिरा येण्याचा हा एक लाभच म्हणावयाचा. रेल्म आणि त्याच्या आधारे चौकशी पाठवण्याचे काम यांसाठी ‘मार्गनाम’, चिन्हामागील भागासाठी ‘खातेनाम’, वर्गणीच्या कायम क्रमांकासाठी ‘स्थायी अभिधान’, सिद्ध करण्याच्या क्रियेसाठी ‘प्रमाणन’ असे शब्द योजता येतील. ‘ओळख’ हा शब्द केवळ ‘पटणे’ या क्रियापदासह आणि प्रमाणन पूर्ण झाल्यानंतरच यावा. एसयूसीआयला ‘गुप्त अभिधान’ म्हणण्यास हरकत नाही. नल-स्कीमने पाठवलेल्या एसयूसीआयला मात्र मराठीत ‘उघडे अभिधान’ असेच लिहावे, मग मूळ इंग्रजी संज्ञा काहीही असो.